कुरकुरीतपणाचे शास्त्र

पाककला ही हाताची चव, असे आपण म्हणतो. ते खोटे नाही. परंतु त्या चवीमागे नियम असतात आणि ते उमगले की कोणाच्याही हाताला चव येऊ शकते, असे गृहअर्थशास्त्राची विद्यार्थिनी या नात्याने मला वाटते. उदाहरणादाखल मी कोंबडीचे पंख घेते. दुकानदार ज्यांना ‘विंग्ज’ म्हणतो, तेच हे.

आपला भंडारा जिल्हा तळ्यांचा आणि धानाचा. येथे कोंबडी म्हणजे झणझणीत रस्सा आणि भात. रश्श्यातला पंखाचा तुकडा पानात पडला की खाणारा नाक मुरडतो. अमेरिकेतही पंखांना फारसा मान नव्हता. १९६४ साली बफेलो शहरातील अँकर बारमध्ये टेरेसा बेलिसिमो यांनी ते तळून तिखट सॉसमध्ये घोळले आणि त्यांचे भाग्य उजळले, असे सांगतात. आपण तळण टाळून ओव्हन वापरू, तेल वाचेल.

पंखावर मांस थोडे, कातडी फार. सारा कुरकुरीतपणा या कातडीत असतो. म्हणून ‘कातडी काढू नका’ असे दुकानदाराला आधीच बजावावे, कारण आपल्याकडे कोंबडी सोलूनच देण्याची रीत आहे.

आता मुख्य प्रश्न : कातडी कुरकुरीत का होते? पाणी १०० अंश सेल्सियसला उकळते. कातडी ओली असेतो तिची उष्णता त्यापलीकडे फारशी जात नाही; ती भाजली न जाता शिजते. पाणी उडाले की तापमान चढते आणि साधारण १४० अंशांपुढे प्रथिने व शर्करा यांच्या संयोगाने तांबूस रंग व खमंग वास झपाट्याने येतो. १९१२ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मायार यांनी ही क्रिया मांडली. तात्पर्य, ओलावा हा कुरकुरीतपणाचा शत्रू होय.

यावरून कृती आपोआप ठरते. अर्धा किलो पंख सांध्यावर कापून कापडाने कोरडे टिपावेत. त्यांना पाऊण चमचा मीठ, एक चमचा बेकिंग पावडर आणि एक चमचा तांदळाचे पीठ चोळावे. बेकिंग पावडरने कातडी किंचित अल्कधर्मी होते व रंग लवकर चढतो. तिच्याऐवजी खाण्याचा सोडा घालू नये, कडवटपणा येतो. मग हे पंख जाळीवर मांडून रात्रभर फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात उघडे ठेवावेत, म्हणजे कच्च्या मांसाचे पाणी इतर अन्नावर ठिबकणार नाही. दुसऱ्या दिवशी ओव्हन २२० अंशांवर तापवून, जाळीखाली ताट ठेवून, ४० ते ४५ मिनिटे भाजावेत. मध्ये एकदा उलटावेत. हाडाजवळ मांस गुलाबी राहता कामा नये. कच्चे मांस हाताळल्यावर हात, सुरी व पाट साबणाने धुण्यास विसरू नये.

सॉससाठी पाव वाटी गूळ, दोन चमचे चिंचेचा कोळ, एक चमचा लाल तिखट, ठेचलेला लसूण, चवीपुरते मीठ व थोडे लोणी मंद आचेवर दाट होईपर्यंत आटवावे. लोण्याला कारण आहे : मिरचीतील तिखट द्रव्य पाण्यात नव्हे, स्निग्ध पदार्थात विरघळते. सॉस आधी लावला तर गूळ करपेल आणि कातडी पुन्हा ओली होईल. म्हणून भाजल्यावर, अगदी वाढण्याच्या वेळी, पंख त्यात घोळवावेत.

हे सारे आपल्याला नवे आहे काय? उन्हाळ्यात आपल्या आई-आजी पापड, कुरडया आधी कडकडीत वाळवतात आणि मगच तळतात. नियम तोच, त्यांनी तो पुस्तकाविना ओळखला होता. आपण तो शब्दांत मांडतो, एवढेच. परीक्षेसाठी कृती पाठ करणाऱ्या मैत्रिणींना माझे सांगणे आहे की, कारण समजून घ्या. कृती एकाच पदार्थाला पुरते, कारण शंभर पदार्थांना उपयोगी पडते.