मोठ्या घरची गाडी : भाचीला कानमंत्र

पोरी, २०१७ ची का होईना, बीएमडब्ल्यू ३२०डी दारात उभी राहिली. तुझी हौस मला मनापासून आवडली. ताईला पहिली चक्कर घडव, पेढे वाट, आठवडाभर काचा पुसत बस. कोणी काही म्हणणार नाही. मग निवांत हे वाच. गाडी तुला नवीच्या तुलनेत बरीच स्वस्त पडली, पण तिचे पार्ट आजही नव्या गाडीच्याच भावाने येतात. किंमत उतरते गाडीची, पार्टची नाही.

१. सीट कव्हर आणि अँबियंट लाइटवर घालणार असशील ते पैसे आधी दुरुस्तीसाठी बाजूला ठेव, दर महिन्याला त्यात थोडी भर घाल — आधीच्या मालकाने पुढे ढकललेली कामं पहिल्या वर्षात तुझ्या दारात येतात.

२. 'सर्व्हिस आत्ताच झालीय' हे बिलाशिवाय खरं मानू नकोस. इंजिन ऑइल, सगळे फिल्टर आणि ब्रेक ऑइल एकदा बदलून तारीख-किलोमीटर वहीत लिही — ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, गाडी उभी असली तरी.

३. ऑइल घेताना नुसतं ५डब्ल्यू-३० बघून समाधान मानू नकोस. डब्याच्या मागे बीएमडब्ल्यू लाँगलाइफ-०४ ही मान्यता छापलेली हवी — हे कमी राख करणारं तेल असतं. डिझेलच्या धुराचा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, काजळी जाळू शकतो, राख जाळू शकत नाही. ती आतच साचत जाते. डबा वाचला नाही की बिल वाचावं लागतं.

४. डीपीएफ आहे का ते गॅरेजमध्ये विचारून घे. असेल तर आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्याला अर्धा तास एका वेगात चालव — बाणेर ते हिंजवडीच्या रांगेत सायलेन्सर काजळी जळण्याइतका तापतच नाही.

५. बॉनेटखाली डिपस्टिक सापडली नाही म्हणून घाबरू नकोस, बऱ्याच बीएमडब्ल्यूंना ती नसतेच. इंजिन गरम झाल्यावर स्क्रीनच्या मेनूत तेलाची पातळी दिसते. महिन्यातून एकदा बघ.

६. गिअरबॉक्सचं तेल 'लाइफटाइम' आहे, हात लावायचा नाही, असं तुला कोणीतरी ठामपणे सांगेल. ऐकून घे आणि बदल. हा आठ गिअरचा ऑटोमॅटिक झेडएफ कंपनी बनवते, आणि ती स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदलायला सांगते. तेलाची खालची प्लास्टिकची पॅन आणि फिल्टर एकच असतात, म्हणून नुसतं तेल काढून-भरून काम अर्धंच होतं. खर्च ऐकून पोटात गोळा येईल, पण नव्या गिअरबॉक्सचा भाव एकदा विचारून ठेव, मग हा खर्च गोड लागेल.

७. कूलंट थंड इंजिनावरच बघ, आणि पातळी उतरत असेल तर नळाचं पाणी ओतत राहू नकोस — टाकी आणि जोडाच्या नळ्या प्लास्टिकच्या असतात, वर्षानुवर्षं तापून कडक होतात आणि तडकतात. तापमानाचा इशारा आला तर 'घर जवळच आहे' म्हणू नकोस, तिथेच बाजूला घे. थेंबाला थांबला त्याचं इंजिन वाचलं.

८. बॅटरी बदलशील तेव्हा तिची नोंद गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये करून घे, आणि एजीएम प्रकारच्या बॅटरीच्या जागी एजीएमच बसव — नाहीतर गाडी जुनी बॅटरी समजूनच चार्ज करत राहते आणि नवी लवकर मान टाकते.

९. आता पावसाळ्याचं, हे नीट ऐक. सनरूफच्या कडेला पाणी वाहून जायला बारीक नळ्या असतात. गाडी गुलमोहराखाली किंवा कडुनिंबाखाली लावलीस की पानांचा चुरा त्यात जातो, नळी तुंबते, आणि पाणी छताच्या कापडाआडून उतरून कार्पेटखाली जमतं. तिथेच वायरींचे जुडगे असतात. वरून काहीच दिसत नाही. नुसता कुबट वास येतो, काचांवर आतून वाफ धरते आणि मग एक दिवस डॅशबोर्डवर भलतेच दिवे लागतात. मे महिन्यात सनरूफ उघड, कोपऱ्यात वाटीभर पाणी हळू ओत आणि ते गाडीखाली पडतंय का बघ. वायपरखालची जाळीही त्याच दिवशी साफ कर.

१०. साठलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल मारू नकोस, ढकलून बाहेर काढ — सिलेंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. विमा घेतानाच इंजिन प्रोटेक्शन मिळतंय का विचार. साध्या पॉलिसीत हे नुकसान बहुधा धरत नाहीत.

११. विमा १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करायला टाक. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुझा होत नाही, तो त्याच्याबरोबर जातो. तेवढा फरक भरावा लागेल.

१२. डिकीत स्टेपनी आहे का आजच बघ. नसेल तर टायरच्या बाजूवर रनफ्लॅटची खूण शोध — रनफ्लॅट हवा गेल्यावरही ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर नेतो. आधीच्या मालकाने पैसे वाचवायला साधे टायर टाकले असतील, तर तुझ्याकडे स्टेपनीही नाही आणि रनफ्लॅटही नाही. पंक्चर किट आणि हवेचा छोटा पंप घेऊन ठेव. चाकाच्या लॉक-बोल्टची चावीही शोध, ती नसेल तर पंक्चरवाला हात चोळत उभा राहतो.

१३. पार्ट मागवताना मॉडेलचं नाव नको, चॅसिस नंबरची शेवटची सात अक्षरं-आकडे सांग — एकाच वर्षाच्या दोन गाड्यांत वेगळे पार्ट निघतात. कंपनीच्या खोक्याऐवजी झेडएफ, बॉश, माहले, मान यांच्या खोक्यातला पार्ट चालतो. पक्कं बिल आणि जुना पार्ट मात्र मागून घे.

१४. त्याच नंबरावर काही रिकॉल बाकी आहे का, शोरूममध्ये विचार. रिकॉलचं काम दुसऱ्या मालकालाही फुकट करून देतात.

१५. आणि विकणाऱ्याला आजच फोन करून दुसरी चावी माग. पैसे मिळून महिना झाला की ती कुणाला सापडत नाही.