मेमोचं उत्तर एकट्याने लिहू नकोस

अंबाडी, ता. भिवंडी

चि. सागर,

काल नाक्यावर वाड्याच्या एसटीची वाट बघत होतो, तर तुझ्या गोदामातला एक जण भेटला. म्हणाला, "भाच्याला मेमो मिळाला तुमच्या. ड्युटीवर कंपनीच्या कॉम्प्युटरवर क्रिकेट बघत होता." खरं का रे? तुझ्या आईला अजून सांगितलेलं नाही.

तू म्हणशील, साहेब लोडरांसमोर आईवरून बोलतो, जेवायच्या सुट्टीत माल मोजायला उभं करतो, मग त्याचा तासभर मी घेतला तर बिघडलं कुठे? असं वाटणारा तू एकटा नाहीस. सिंगापूरच्या विवियन लिम यांनी २००२ साली नोकरदारांकडून माहिती घेऊन हेच मांडलं. वरचे अन्यायाने वागले की माणूस मनात खतावणी उघडतो आणि इंटरनेटवर घालवलेला वेळ वसुलीत धरतो.

राग खोटा नाही तुझा. पण मेमोचं काय? तुझी खतावणी तुझ्या मनात. कुठली साइट, किती वाजता, किती वेळ, हे कंपनीकडे नोंदलेलं असतं. उद्या तू शिव्यांची तक्रार केलीस की तोच कागद पुढे येणार. शिव्या देणाऱ्याला तूच वाचवतोयस, एवढंही कळू नये?

मी मागाच्या कारखान्यात मेहताजी होतो, तेव्हा शेठ बोलला की उठून टपरीवर जाऊन बसायचो. वाटायचं, जिरवली. शेठला पत्ताही नसायचा. जादा कामाचे पैसे मात्र तोंड उघडून कधी मागितले नाहीत, ते अजून सलतं. तुमच्यासाठी २०१७ चा महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा आहे. जादा तासांना दुप्पट दर आहे त्यात. म्हणून शिवी कुठल्या दिवशी, कोणासमोर, सुट्टी किती बुडाली, हे घरच्या वहीत लिहीत जा. कंपनीच्या कॉम्प्युटरवर तर मुळीच नको. आणि तो मेमो! वाचला तरी आहेस का नीट, की रागाने खिशात कोंबलास?

फार बोललो. वज्रेश्वरीच्या जत्रेत हरवला होतास, तेव्हाही सापडल्यावर आधी ओरडलो आणि मग घरापर्यंत खांद्यावरून उतरवलं नाही. नोकरी गेली तर जाऊ दे, इथे दोन घास कमी पडायचे नाहीत. फक्त रात्री जागून मनाशी कुढत बसू नकोस.

रविवारी ये, मेमो घेऊन ये. उत्तर दोघं मिळून लिहू. तोवर कुठल्याही कागदावर सही करू नकोस.

तुझा,
मामा