टॅबलेट घ्यायचा आहे? आधी वही मोजा



लालबागच्या ऑफिसात हल्ली दोन प्रश्न सारखे येतात. पहिला, संस्थेच्या नोंदींसाठी मोठ्या पडद्याचा टॅबलेट घ्यावा का? दुसरा, पोरगा-पोरगी कॉलेजला आहे, नोट्स काढायला स्वस्तात कोणता घ्यावा? दोन्ही ठिकाणी पैसा घामाचा आहे. संस्थेत तो सगळ्या सभासदांचा, घरात तो मासळीच्या हंगामाचा. म्हणून आज याच विषयाचा पाठ लिहितो आहोत. कोणत्याही कंपनीची जाहिरात नाही. नावं आली आहेत ती फक्त फरक समजावा म्हणून.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. दुकानदार प्रोसेसर, कॅमेरा, स्पीकर यावर बोलेल. आपल्या कामाला त्या गोष्टी शेवटी येतात. आपलं काम दोनच: कागद पूर्ण दिसला पाहिजे आणि हाताने लिहिता आलं पाहिजे. या दोन कसोट्यांवर जो उतरत नाही, तो कितीही स्वस्त असला तरी महाग.

१) पडदा: इंच ऐकू नका, रुंदी मोजा

पडद्याचा इंच म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप. त्यावरून रुंदी कळत नाही. आपले सगळे सरकारी कागद, पट्ट्याचा करार, बँकेचं पत्र, ऑडिटचा अहवाल, ए4 कागदावर असतात. ए4 ची रुंदी 210 मिलिमीटर. आता हिशोब बघा.

6.7 इंची मोबाइलचा पडदा उभा धरला तर साधारण 70 मिलिमीटर रुंद. म्हणजे ए4 च्या एक तृतीयांश. कागदावरचं 12 पॉइंटचं अक्षर मोबाइलवर 4 पॉइंटचं होतं. मग आपले वडीलधारे सभासद बोटाने मोठं करतात, एक ओळ वाचतात, दुसरी हरवते.

8.7 इंची टॅबलेट साधारण 113 मिलिमीटर रुंद. अक्षर साडेसहा पॉइंटच्या आसपास. सिनेमा बघायला ठीक, करार वाचायला नाही.

11 इंची लांबट टॅबलेट (16:10 आकाराचा) 148 मिलिमीटर रुंद. शाळेच्या लहान वहीचा जो ए5 कागद, त्याचीही रुंदी 148 च. अक्षर साडेआठ पॉइंट पडतं. चष्मा लावून आरामात वाचता येतं.

12.1 इंची, त्याच आकाराचा, साधारण 163 मिलिमीटर रुंद. अक्षर नऊच्या वर.

आता गंमत बघा. वनप्लस पॅड गो हा 2023 चा टॅबलेट 11.35 इंचाचा, पण त्याचा आकार 7:5, म्हणजे जरा चौकोनी. त्याची रुंदी भरते जवळजवळ 168 मिलिमीटर. इंच कमी, तरी 12.1 इंचीपेक्षा रुंद! ए4 कागद त्यावर जास्त चांगला बसतो. उलट सिनेमा लांबट पडद्यावर बरा दिसतो. म्हणून दुकानात जाताना खिशात मोजपट्टी किंवा लहान वही ठेवा आणि पडद्यावर ठेवून बघा. आपल्या कामाला 148 मिलिमीटरच्या खाली जाऊ नये, असं आमचं मत.

पडद्याचे ठिपके म्हणजे रिझोल्यूशनही विचारा. 11 इंचावर 1920 गुणिले 1200 असेल तर देवनागरीच्या मात्रा-वेलांट्या स्वच्छ दिसतात. त्यापेक्षा कमी असेल तर जोडाक्षरं फुटतात.

२) पेन: सगळ्यात मोठा घोटाळा इथे होतो

बाजारात रबरी टोकाची पेन्सिल शे-दोनशे रुपयांत मिळते. ती कोणत्याही टॅबलेटवर चालते, पण ती म्हणजे फक्त लांब बोट. लिहिताना तळहात पडद्याला टेकला की भलतीकडे रेघा उठतात. हात हवेत धरून कोण किती लिहिणार?

खरं पेन वेगळं. टॅबलेटला ते पेन ओळखता येतं, आणि पेन जवळ आलं की तो तळहाताकडे दुर्लक्ष करतो. पण त्यासाठी टॅबलेट तसा बनवलेला लागतो, नंतर जोडता येत नाही. एकाच कंपनीत फरक असतो. सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब ए9 प्लस 11 इंची आहे, पण त्यावर कंपनीचं एस पेन चालत नाही. त्याच कंपनीचा टॅब एस6 लाइट 10.4 इंची, त्याच्या डब्यातच पेन येतं आणि त्या पेनाला चार्जिंगही लागत नाही. रेडमी पॅड प्रो 12.1 इंची आहे, पेन चालतं पण वेगळं विकत घ्यावं लागतं. आयपॅडचंही तसंच, पेन्सिल वेगळी.

म्हणून प्रश्न असा विचारा: "या टॅबलेटला कंपनीचं कोणतं पेन चालतं, आणि ते डब्यात आहे की वेगळं?" "चालतं ना साहेब, कोणतंही चालतं" असं उत्तर आलं तर समजा, रबरी पेन्सिलच आहे.

३) ओला हात, ऊन आणि आपला मे महिना

टॅबलेटच्या काचेवर विजेचा बारीक भार असतो. बोट लागलं की तो बदलतो आणि टॅबलेटला कळतं. पाण्याचा थेंबही तोच बदल करतो. त्यामुळे ओल्या हाताने काट्याजवळ नोंद करायला गेलात तर 12 च्या जागी 112 पडू शकतं. सभासदाच्या वजनात एक आकडा इकडेतिकडे म्हणजे भांडण नक्की. उपाय साधा: काट्यावर वजन करणारा एक, लिहिणारा दुसरा, आणि लिहिणाऱ्याचा हात कोरडा. टॅबलेटसोबत सुती फडकं कायम.

"वॉटरप्रूफ" या शब्दावर जाऊ नका, आयपी क्रमांक विचारा. आयपी68 मधला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. सॅमसंग टॅब एस9 एफई ला हा क्रमांक आहे. पण ही चाचणी स्वच्छ पाण्यात, ठरलेल्या खोलीला आणि ठरलेल्या वेळेपुरती होते. तलावाचा गाळ, खवले आणि मासळीचा चिकटपणा त्यात धरलेला नाही. स्वस्त टॅबलेटमध्ये हा क्रमांक बहुधा मिळत नाही. मग झिप लावायची पारदर्शक पिशवी बरी.

उन्हात स्वस्त पडदा आरशासारखा होतो. त्यावर मॅट काच-कागद लावला तर चकाकी कमी होते आणि पेनही घसरत नाही, कागदासारखं लिहिता येतं. चित्र थोडं धूसर होतं, पण आपल्याला चित्रं कुठे बघायची आहेत?

उष्णतेचं बघा. आयपॅड 35 अंशांपर्यंतच्या तापमानात वापरा, असं कंपनीच सांगते. बुऱ्हाणपूरला मे महिन्यात पारा 40 च्या वर जातो. गाडीच्या डिक्कीत किंवा पत्र्याखाली ठेवलेला टॅबलेट बंद पडेल आणि बॅटरीचं आयुष्य कमी होईल. दुपारी तो ऑफिसच्या कपाटातच बरा.

४) आतलं किती हवं

रॅम 4 जीबी असेल तर काम चालतं पण अडखळतं. 6 किंवा 8 घ्या. साठवण 128 जीबी पुरते. एका पानाचा स्कॅन साधारण अर्धा ते एक एमबी धरला, तरी हजार पानं एका जीबीत बसतात. मेमरी कार्डाची जागा असेल तर आणखी चांगलं.

सिमवाला की वाय-फायवाला? मोबाइलचा हॉटस्पॉट चालतो, तेवढे पैसे वाचवा. मात्र तलावाचा फोटो जागेच्या नोंदीसकट काढायचा असेल तर जीपीएस आहे का ते विचारा. फक्त वाय-फायच्या आयपॅडमध्ये ते नसतं.

आणि अपडेट किती वर्षं मिळणार ते नक्की विचारा. जुन्या अँड्रॉइडवर बँकेची अ‍ॅप हळूहळू चालेनाशी होतात. तीन वर्षं जुनं मॉडेल सवलतीत मिळालं तर त्याची तीन वर्षं आधीच संपली आहेत, हे लक्षात ठेवा.

फक्त स्वस्त बघितलं तर काय होतं, याचा धडा आपल्या देशाने घेतलेला आहे. 5 ऑक्टोबर 2011 ला विद्यार्थ्यांसाठी सरकारने "आकाश" टॅबलेट आणला. हेतू चांगला होता. पण पडदा 7 इंची, रॅम 256 एमबी, आणि स्पर्श ओळखायला काच दाबावी लागायची. किंमतीची चर्चा जगभर झाली, वर्गात तो टिकला नाही.

५) मराठीत आणि हिंदीत लिहिणं

आपलं बोलणं मराठी, सरकारी कागद हिंदी. गूगलच्या जीबोर्ड कळफलकात दोन्ही भाषा ठेवता येतात. त्यात हाताने लिहिलेलं देवनागरी अक्षर छापील होतं, आणि बोलून लिहिण्याची सोय मराठीत 2017 पासून आहे. ज्यांना टाइप करता येत नाही त्यांनी बोलावं, टॅबलेट लिहील. आकडे मात्र बोलून झाल्यावर डोळ्यांनी तपासा.

आवक-वजनाचा तक्ता गूगल शीट्समध्ये ठेवला तर बेरीज आपोआप होते, आणि ऑफलाइनची सोय आधी चालू केली असेल तर तलावावर रेंज नसतानाही लिहिता येतं. सभेची टिपणं पेनाने लिहून पीडीएफ करता येतात. सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल मंचावरची नोंदणीही मोठ्या पडद्यावर सभासदाला समोर बसवून भरता येते. आपलं नाव, आधार, खातं बरोबर पडलं का हे त्याला स्वतःला दिसलं पाहिजे. मोठ्या पडद्याचा खरा फायदा हाच, हिशोब सचिवापुरता राहत नाही.

६) किंमत टॅबलेटची नाही, पूर्ण संचाची

एक उदाहरण. 2025 मध्ये नवा आयपॅड आपल्याकडे 34,900 रुपयांना आला. त्याची साधी पेन्सिल 7,900 रुपये. बेरीज 42,800, आणि अजून कव्हर नाही, काच नाही. अँड्रॉइडमध्ये आकडे बरेच खाली येतात, पण रीत तीच. म्हणून कोटेशन मागताना टॅबलेट, पेन, जाड कव्हर, मॅट काच, चार्जर (हल्ली काही डब्यांत नसतो) आणि 18 टक्के जीएसटी, सगळं धरून एकच आकडा मागा. मग तीन दुकानांचे आकडे समोरासमोर ठेवा.

दिवसभर टायपिंगच करायचं असेल तर टॅबलेटला कळफलक जोडण्यापेक्षा चांगला जुना लॅपटॉप परवडतो, हेही सांगून ठेवतो. ज्या पोराला फक्त व्हिडिओ बघायचे आहेत त्याला पेनवाला टॅबलेट नको.

७) संस्थेने घ्यायचा तर

आधी समितीचा ठराव, मग कोटेशन, मग संस्थेच्या नावाचं पक्कं बिल. सिरियल नंबर डेडस्टॉक रजिस्टरला चढवा. ईमेल खातं संस्थेच्या नावाने उघडा, सचिवाच्या घरच्या खात्यावर नको. सचिव बदलला तरी नोंदी संस्थेकडेच राहिल्या पाहिजेत. पासवर्ड बंद पाकिटात अध्यक्षांकडे. सभासदांची आधार-पासबुकं त्यात असणार, म्हणून पडद्याला कुलूप, आणि ऑफिसचा टॅबलेट पोरांना गेम खेळायला नाही.

आणि वही बंद करायची नाही. कार्यवाही पुस्तक आणि सह्या-अंगठे कागदावरच. टॅबलेट ही दुसरी प्रत. पावसात एक भिजली तर दुसरी असावी, एवढ्यासाठी. आपल्याकडे 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते. जुनी रजिस्टरं स्कॅन करायला आणि दोन-तीन तरुण सभासदांना शिकवायला तोच काळ चांगला.

८) दुकानात दहा मिनिटांची परीक्षा

एक, लहान वही पडद्यावर ठेवून रुंदी बघा.
दोन, ए4 कागदाची पीडीएफ उघडा आणि न वाढवता वाचून बघा. सोबत घरातल्या वयस्क माणसाला न्या.
तीन, तळहात टेकवून पेनाने स्वतःचं नाव आणि दहा आकडे लिहा.
चार, दुकानाच्या दाराशी उन्हात नेऊन बघा.
पाच, बोट ओलं करून एकदा लावा, म्हणजे काय होतं ते कळेल.
सहा, दुरुस्ती केंद्र कुठे आहे ते विचारा. बुऱ्हाणपुरात आहे, खंडव्यात, की पार इंदूरला? काच फुटल्यावर हा प्रश्न विचारून उपयोग नाही.

एवढं करूनही मनात शंका राहिली तर घाई करू नका. कोटेशनची चिठ्ठी घेऊन कामाच्या वेळेत ऑफिसला या, सोबत बसून बघू. बिल फाडण्याआधी या, नंतर नको.

आपला,
सचिव