गंगेवर घर बांधू पाहणाऱ्या भाच्यास

गंगाखेड, जि. परभणी

चिरंजीव भाच्यास,


तुझं पत्र आणि तरंगत्या घराचा नकाशा मिळाला. काम लॅपटॉपवरच करायचं तर ते गोदाकाठी बसूनही होईल, म्हणून स्वतःच्या हातानं घर बांधून पाण्यावर राहायचं, हे तू मनाशी पक्कं केलेलं दिसतं. तुझ्या आईनं धास्ती घेतली आहे. ‘तूच त्याला समजाव’ असा तिचा निरोप आहे. मी तुला अडवणार नाही. पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा, आपल्या जिल्ह्यातल्या इतक्या तालुक्यांना गंगा, म्हणजे आपली गोदावरी, लागून वाहते. पण पाण्यासाठी मोटार टाकण्यापलीकडे तिच्याशी संबंध ठेवणारे थोडे. तुला तिच्यावर राहावंसं वाटलं याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र पाटबंधारे खात्यात हयात काढलेल्या मामाचं एक ऐक. तू नदी पाहिलीस ती दिवाळीच्या सुट्टीत, काठोकाठ भरलेली. घर त्या पाण्यासाठी बांधू नकोस. भाद्रपदातल्या आणि मे महिन्यातल्या पाण्यासाठी बांध. पुढचं सगळं यातूनच निघतं.

केरळची केट्टुवल्लम तू डोळ्यांपुढे ठेवली आहेस. त्या मुळात भाताची पोती वाहणाऱ्या नावा. फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीनं शिवलेल्या. अलप्पुळाच्या खाऱ्या-गोड्या पाण्याची पातळी समुद्राशी बांधलेली, त्यामुळे तिथं पाणी वर्षभर जवळजवळ जागेवर असतं. आपल्याकडे तारकर्लीला कर्ली नदीच्या खाडीत हाउसबोट चालली, तिथं भरती-ओहोटीचं वेळापत्रक ठरलेलं. आपल्या गंगेचं तसं नाही. तिचं पाणी पैठणच्या जायकवाडी धरणाच्या दरवाजांवर, माजलगावच्या विसर्गावर आणि आपल्या बंधाऱ्यांवर चालतं.

ढालेगाव, तारूगव्हाण, मुदगल, मुळी, दिग्रस या बंधाऱ्यांनी आपल्या जिल्ह्यातली गंगा तुकड्यातुकड्यांत अडवली आहे. 2016 च्या कायद्यानं गोदावरी नाशिकपर्यंत राष्ट्रीय जलमार्गात गेली, असं तू लिहितोस. कागदावर ते खरं, पण या बंधाऱ्यांतून नाव पलीकडे न्यायची सोय नाही. तेव्हा नावेतून नांदेडपर्यंत जाण्याचं मनातून काढून टाक. तुला मिळेल तो एका बंधाऱ्याच्या फुगवट्याचा तलाव. म्हणून मोठं इंजिन घेऊ नकोस. काठ बदलण्यापुरती लहान मोटार आणि दोन लांब बांबू पुरेत. वाचलेले पैसे दोर, नांगर आणि जीवरक्षक जाकिटांवर घाल.

आता त्या तलावाचं वर्ष समजून घे. पावसाळ्यात दरवाजे उघडे असतात आणि नदी तिच्या मर्जीनं वाहते. पाऊस ओसरला की दरवाजे टाकून पाणी अडवतात. दसऱ्यापासून पुढं पाणी भरलेलं आणि शांत. मग रब्बीच्या मोटारी सुरू होतात, नळयोजना ओढतात, ऊन वाढतं आणि होळीनंतर काठ उघडे पडायला लागतात. मे महिन्यात तुझं घर चिखलात बसलेलं असेल. 2016 च्या उन्हाळ्यात जायकवाडीसारखं धरणसुद्धा मृतसाठ्यावर आलं होतं. तिथं बंधाऱ्याच्या पाण्याची काय कथा. याच्या उलट 2006 चा ऑगस्ट. तेव्हा पैठणहून अडीच लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला अठ्ठावीस लिटर. हिशेब तूच कर. मुदगलला पात्रातलं महादेवाचं देऊळ पाण्याखाली जातं, त्या पाण्यात कुठला दोर आणि कुठला खुंटा टिकणार?

म्हणून माझा पहिला निर्णय असा की तुझं घर दसऱ्यानंतर पाण्यात उतरेल आणि होळीनंतर काठावर येईल. बारमाही राहण्याचा हट्ट सोड. आणि घर वर काढायचं, तर ते वर काढता येईल असंच बांधायला हवं. नकाशात सगळा सांगाडा एकसंध वेल्डिंगचा दाखवला आहेस. तो मोडून वीस फूट लांब आणि पाच फूट रुंद असे दोन भाग कर आणि ते नट-बोल्टनं जोड. भिंती आणि छपरही सुटी होतील अशी ठेव. मग ट्रॅक्टर लावून एकेक भाग उतारानं ओढून घेता येईल. खालून ड्रमांना लाकडी घसरपट्ट्या बांध. ओढताना त्या कामी येतील, आणि पाणी अचानक उतरलं तर घर दगडावर न टेकता त्यांच्यावर टेकेल.

तरंगण्यासाठी तू प्लास्टिकचे निळे ड्रम धरलेस ते योग्य. आपल्या गावातल्या वेल्डरला आणि तुला स्वतःला दुरुस्त करता येतील असेच आहेत. भंगारात घेताना आत आधी काय भरलेलं होतं ते विचार. कीटकनाशकाचा ड्रम धुऊनसुद्धा घेऊ नकोस, कारण तेच पाणी गावं पितात. बुचांना सीलंट लावून घट्ट कर. दिवसा तापलेली हवा रात्री आकसते आणि सैल बुचातून पाणी आत ओढते. असे ड्रम महिन्या-दोन महिन्यांत जड होतात आणि घर एका बाजूला कलतं. लोखंडाची कड जिथं ड्रमला लागते तिथं टायरच्या ट्यूबची पट्टी घाल. उन्हानं हे प्लास्टिक ठिसूळ होतं, म्हणून फळीचा काठ ड्रमांच्या बाहेर वीतभर ठेव, म्हणजे सावली राहील.

आता वजन. तुझ्या नकाशात हे पान नव्हतं आणि नावेचं सगळं भवितव्य याच पानावर ठरतं. दोनशे लिटरचा ड्रम पूर्ण बुडाला तर सुमारे दोनशे किलो पेलतो. चोवीस ड्रम म्हणजे चार हजार आठशे किलो. आता वजा बाजू मांड. ड्रमांचं स्वतःचं वजन सव्वादोनशे किलो, अँगलचा सांगाडा साडेचारशे, तळाला अठरा मिलिमीटरचं प्लायवूड (आठ बाय चारचा एक तक्ता चाळीस किलोचा) दोनशे ऐंशी, भिंती अडीचशे, छप्पर सव्वाशे, पिण्याचं पाणी दोनशे, बॅटरी आणि सोलर शंभर, स्वयंपाक-बिछाना-कपडे अडीचशे, संडास पन्नास, नांगर-दोर ऐंशी आणि सहा माणसं चारशे. बेरीज चोवीसशेच्या आसपास येते. ड्रम निम्मे बुडतील आणि निम्मे वर राहतील. हे निम्मं कधीही खर्च करू नकोस. एक-दोन ड्रम फुटले, पाहुणे आले, फळ्यांनी पाणी प्यालं, तर तेच तुला वाचवेल. प्रत्येक वस्तू आत नेण्याआधी ताणकाट्याला लाव आणि वहीत लिही.

वजन किती याइतकंच ते कुठं आहे हेही महत्त्वाचं. ड्रमांच्या ओळी मध्ये गोळा न करता दोन-दोन करून दोन्ही कडांना बांध. मग नाव डुलत नाही. पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या तळाशी, मधोमध. आणि तुझा तो वरचा मजला नकाशातून खोडून टाक. छपरावर बसून सूर्यास्त पाहायची तुझी हौस मला कळते, पण जी माणसं वर चढतात ती एकाच बाजूला धावतात. 2009 साली थेक्कडीच्या तलावात दुमजली नाव उलटून पंचेचाळीस माणसं गेली. 2023 च्या मे महिन्यात केरळात तानूरला बावीस गेली. मासेमारीची नाव फेरफार करून सहलीला लावली होती. आणि आपल्याच गोदावरीत, आंध्रात कच्चुलूरजवळ, 15 सप्टेंबर 2019 ला पुराच्या पाण्यात पर्यटकांची नाव बुडून पन्नासच्या आसपास जीव गेले. या तिन्ही ठिकाणी पाण्याचा दोष काढता येत नाही.

वाऱ्याचाही हिशेब ठेव. वीस फूट लांब आणि सात फूट उंच भिंतीवर ताशी साठ किलोमीटरचा वारा आदळला तर अडीचशे किलोचा रेटा बसतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. आपल्याकडे अवकाळीचा वारा याहून जोरात येतो. 21 मे 2024 ला उजनी धरणात कुगाव ते कळाशी जाणारी बोट अशाच वादळानं उलटली आणि सहा जण बुडाले. म्हणून भिंती छातीएवढ्या ठेव. वरचा भाग जाळीचा आणि गुंडाळता येणाऱ्या ताडपत्रीचा कर. वारा आरपार जाईल आणि हवाही खेळेल. चार कोपऱ्यांना चार दोर, दोन काठावरच्या मोठ्या झाडांना आणि दोन पाण्यातल्या नांगरांना, तेही लांब आणि तिरपे. आखूड ताणलेला दोर पाणी वाढताना नाव खाली ओढून धरतो. फोनवर ‘दामिनी’ ॲप ठेव. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं ते विजेच्या इशाऱ्यासाठी केलं आहे. मोकळ्या पाण्यावर सगळ्यात उंच तुझं छप्पर असेल, तेव्हा पहिला गडगडाट ऐकताच काठावरच्या पक्क्या घरात जा.

आतल्या सोयींबद्दल थोडक्यात. गॅसची टाकी बाहेरच्या फळीवर उभी ठेव. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तळाशी साचून बसतो आणि एका ठिणगीत पेटतो. दारं दोन हवीत, खिडक्या माणूस निघेल एवढ्या आणि बाहेर उघडणाऱ्या. दिवे, पंखा, फोन बारा व्होल्टच्या सोलरवर चालव आणि फ्यूज बॅटरीशेजारीच बसव. काठावरून वीज ओढून आणू नकोस. तिथं शेतकऱ्यांच्या मोटारींच्या केबली पाण्यात पडलेल्या असतात आणि त्यांचे जोड उघडे असतात. पोहायला उतरताना तेवढी जागा टाळ. संडासाचं पाणी नदीत सोडायचं नाही, यावर मी तडजोड करणार नाही. बादलीचा कोरडा संडास कर, वरून लाकडाचा भुसा टाक आणि काठावर खड्ड्यात खत होऊ दे. ज्या गंगेच्या काठी जनाबाई जन्मली, जिचं पाणी लोक तीर्थ म्हणून घरी नेतात, तिच्यावर राहणाऱ्यानं ती घाण करायची नाही.

आणखी एक. ते पाणी मोकळं दिसतं, पण ते कुणाचं तरी आहे. बंधारा जलसंपदा विभागाचा, मासेमारी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे आणि पाण्यात भोई बांधवांची जाळी. आधी विभागाची लेखी परवानगी घे. 1917 चा जुना कायदा जाऊन 2021 चा अंतर्देशीय जहाज कायदा आला आहे. मोटार बसवलीस तर तपासणी आणि नोंदणी त्याखाली येते. नकाशा परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात कुणा प्राध्यापकाला दाखव. आणि जागा ठरवण्याआधी भोयांच्या घरी जाऊन बस. वाळू उपसून कुठं खड्डे पडले, वारा कोणत्या बाजूनं येतो, काठ कुठं ढासळतो, हे त्यांना पाठ असतं. त्यांच्या शब्दाला मान दे. संकटात तुझ्यापर्यंत पहिल्यांदा त्यांचीच होडी पोचेल. नावेवर पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला जाकीट हवं, पोहता येणाऱ्यालासुद्धा.

आता काम सांगतो. यंदा लोखंड घेऊ नकोस. काठावर जागा निवड, तिथं फूट-इंच आखलेली पट्टी रोव आणि या दसऱ्यापासून पुढच्या दसऱ्यापर्यंत दर आठवड्याला पाण्याची पातळी वहीत उतरव. तू नसशील तेव्हा मी उतरवीन. केंद्रीय जल आयोगाचं पूर-अंदाजाचं केंद्र गंगाखेडलाच आहे, तिथल्या नोंदीही मिळव. त्या वहीवरून दोरांची लांबी, उताराची जागा, घर काढायची तारीख हे सगळं ठरेल. ती वही आणि वजनाचं पान घेऊन ये. दोन्ही पाहिल्यावर पहिल्या अँगलचे पैसे मी देईन आणि तुझ्या आईची समजूतही मीच काढीन.

तुझा,
मामा