आधी यादी, मग धाव

पावसाळा तोंडावर आला की रावेर परिसरातली तरुण मंडळी विचारतात, "डॉक्टर, पूर आला तर आम्ही काय मदत करायची?" प्रश्न मोलाचा आहे. माझं उत्तर एकच: पूर येण्याआधी कामाला लागा.

सातपुड्यात धो धो पाऊस झाला की नागझिरी, सुकी, भोकर या नद्या बघता बघता चढतात. फरशीपूल पाण्याखाली गेला की रुग्णवाहिका पलीकडेच अडकते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हाही ढिगारे उपसायला आधी धावले ते वाचलेले शेजारीच. संकटाच्या पहिल्या तासात आपल्या गल्लीतला माणूसच कामी येतो. तो शिकलेला हवा.

पहिलं काम यादीचं. गावच्या आशाताई आणि आरोग्यसेविकेसोबत बसा. दिवस भरत आलेल्या गर्भवती, अंथरुणाला खिळलेले वृद्ध, डायलिसिस किंवा इन्सुलिनवर असलेले रुग्ण यांची नावं काढा. पाल गावाकडच्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेलचे रुग्ण असतात. भिजणं, गारठा आणि पाण्याची कमतरता यांनी त्यांना तीव्र वेदना सुरू होऊ शकतात, तेव्हा त्यांनाही विसरू नका. प्रत्येक नावापुढे त्या घराची जबाबदारी घेणारा एक स्वयंसेवक लिहा. ही यादी मोबाइलच्या ग्रुपवर मात्र टाकू नका. आजार ही ज्याची त्याची खासगी बाब आहे. मुसळधार पावसाचा इशारा आला की गर्भवतीला दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे हलवा आणि औषधांचा पुरेसा साठा कोरड्या पिशवीत ठेवायला सांगा.

दुसरं काम शिकण्याचं. माणूस बेशुद्ध असेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर १०८ ला फोन लावून छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबायचं, हे प्रशिक्षकाकडून प्रत्यक्ष करून शिका. केळीच्या बागेत साप चावला तर आवळून बांधू नका, जखम कापू नका. हातपाय न हलवता रुग्णाला लगेच रुग्णालयात न्या. जुलाब लागल्यास ओआरएसचं पाकीट सर्वांत उत्तम. ते नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. पूर ओसरल्यावर पिण्याचं पाणी उकळूनच घ्या.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची 'आपदा मित्र' योजना २०१६ मध्ये सुरू झाली. तिच्यात स्वयंसेवकांना बचाव आणि प्रथमोपचार शिकवतात. प्रशिक्षण कधी, कुठे आहे, याची तहसील कार्यालयात चौकशी करा.

तिसरं, स्वतःला जपा. गुडघाभर वाहतं पाणीही धडधाकट माणसाला पाडतं, म्हणून दोराशिवाय आणि एकट्याने उतरू नका. चिखलात गमबूट घाला, जखम झाकून ठेवा, धनुर्वाताची लस झाली आहे का ते आधीच पाहा. पुराच्या पाण्यात काम केल्यानंतर महिनाभरात ताप, अंगदुखी, डोळे लाल अशी लक्षणं दिसली तर डॉक्टरांना पुराचं सांगा; तो लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. मनाने गोळ्या घेऊ नका आणि कुणाला वाटूही नका.

पुरासारखंच आपल्याकडचं ऊनही जीव घेतं. मे महिन्यात बागेतला मजूर असंबद्ध बोलू लागला, अंग तापलं, तर सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला बोलवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

प्रकृती ठीक असेल तर रक्तदानही करा. पुरुषांना तीन महिन्यांनी, स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं.

वाचकहो, या आठवड्यात एवढंच करा. आपल्या आशाताईंना भेटा, त्या यादीतलं एक घर आपलं म्हणून मागून घ्या आणि त्या घरी जाऊन या.