कोरडे डोळे आणि जवसातील आम्ल

डोळ्यांतून सारखे पाणी गळते म्हणून रोगी डॉक्टरांकडे जातो आणि डॉक्टर सांगतात, 'तुमचे डोळे कोरडे पडले आहेत!' रोगी गोंधळला तर नवल नाही. पण निदान पुष्कळदा बरोबर असते. पारपटलावरचा, म्हणजे बुबुळासमोरील पारदर्शक पडद्यावरचा ओलावा टिकला नाही, की तेथील चेतातंतू चाळवतात आणि अश्रुग्रंथी पाण्याचा लोंढा सोडते. ते पाणी गालावर ओघळते व डोळा पुन्हा कोरडाच राहतो.

अश्रू म्हणजे नुसते खारट पाणी नव्हे. डोळ्यावरच्या अश्रूंच्या पापुद्र्यात पाणी, बुळबुळीत श्लेष्मा आणि सर्वांत वर तेल असते. तेलाचा हा थर बहुधा मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाहूनही पातळ असतो! पापण्यांच्या कडांतील ज्या ग्रंथी हे तेल पुरवतात, त्यांचे वर्णन हाइनरिख मायबोम या जर्मन वैद्याने १६६६ साली केले. म्हणून त्या मायबोम ग्रंथी. पापणी लवली की तेल पसरते. वाचताना ती कमी वेळा लवते, हे मित्राचे निरीक्षण करून तुम्हीच मोजा.

तेलाचे काम समजण्यासाठी दोन सारख्या बशांत सारखेच पाणी घ्या. एकीत पाणी पूर्ण झाकले जाईल एवढे गोडेतेल ओता. दोन दिवसांनी कोणत्या बशीतले पाणी अधिक आटले ते पाहा. डोळ्यावरचा थर याहून फारच पातळ असल्यामुळे तो बाष्पीभवन पूर्णपणे थांबवत नाही, मंदावतो.

तेल कमी पडले की पाणी लवकर उडते, उरलेले अश्रू अधिक खारट होतात आणि पृष्ठभागावरच्या पेशींचा दाह सुरू होतो. दाहामुळे अश्रूंची घडण आणखी बिघडते, असे हे दुष्टचक्र आहे. कृत्रिम अश्रूंचे थेंब ओलावा देतात, पण दाह विझवण्यास ते बहुधा पुरे पडत नाहीत.

मग दाह शमवणारे द्रव्यच थेंबांत घातले तर? अमेरिकेतील बोस्टनच्या संशोधकांनी उंदरांवर हा प्रयोग केला व २००८ साली प्रसिद्ध केला. त्यांनी वापरलेले अल्फा-लिनोलेनिक आम्ल हे ओमेगा-३ वर्गातील मेदाम्ल आपल्या जवसाच्या तेलात भरपूर असते. या थेंबांनी उंदरांच्या पारपटलावरील इजा कमी झाली आणि दाह वाढवणारी रासायनिक द्रव्येही घटली.

म्हणून कोणी घरातले जवसाचे तेल डोळ्यांत घालू नये! प्रयोगातील थेंबांत मेदाम्ल अत्यल्प होते. घाण्याचे तेल निर्जंतुकही नसते.

शिवाय उंदीर म्हणजे माणूस नव्हे. २०१८ साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ५३५ रोग्यांपैकी काहींनी वर्षभर रोज ३,००० मिलिग्रॅम ओमेगा-३ मेदाम्ले गोळ्यांतून घेतली, बाकीच्यांनी ऑलिव्ह तेल. कोण काय घेतो हे रोग्यांना ठाऊक नव्हते. दोन्ही गटांचा त्रास कमी झाला. फरक मात्र नगण्य! ऑलिव्ह तेलाचा गट नसता, तर सारे श्रेय ओमेगा-३ ला गेले असते. अर्थात ही चाचणी पोटात घेण्याच्या औषधाची होती. थेंबांचा निकाल तिच्यावरून लावता येत नाही. त्यासाठी माणसांच्या डोळ्यांवर अशीच दोन गटांची चाचणी लागते.