नवा कॅम, जुनी स्प्रिंग : दोलनांच्या तासाला आलेला एक प्रश्न



बारावीला दोलने हे प्रकरण चालू होतं. फळ्यावर झोपाळा, स्प्रिंगला टांगलेलं वजन, सगळं नेहमीचंच. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, भावान जिप्सीक नवो कॅम घातल्यान. आता आठ हजारापर्यंत फिरवली तर चलात मा?"

वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण प्रश्न प्रकरणातलाच होता. शिवाय ती गाडी आमच्याच घाटात फिरणार होती.

आधी कॅम काय करतो ते सांगितलं. क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक होतो. म्हणजे मिनिटाला 6000 फेऱ्यांवर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 50 वेळा उघडतो आणि मिटतो. कॅमचा उंचवटा व्हॉल्व्ह उघडतो. मिटवायचं काम मात्र स्प्रिंगचं. 16 व्हॉल्व्हच्या 1298 सीसी जिप्सीची ताकद 6000 ला 80 बीएचपी आणि टॉर्क 4500 ला 103 न्यूटन-मीटर. शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले कोनीय वेग. या सूत्राने मुलांनी 6000 चा टॉर्क काढला, तो सुमारे 95 आला. वेग वाढला की इंजिनाला श्वास पुरत नाही, म्हणून टॉर्क घसरतो. स्पर्धेचा कॅम व्हॉल्व्ह जास्त उंच आणि जास्त वेळ उघडा ठेवतो, त्यामुळे ही घसरण पुढे ढकलली जाते. बदल्यात खालच्या फेऱ्यांवरचा जोर कमी होतो. भरलेली गाडी आंबोली चढवताना तोच जोर लागतो, हे जाता जाता.

पण श्वास पुरला म्हणून हाडं मजबूत होत नाहीत. या इंजिनाचा स्ट्रोक 75.5 मिलिमीटर, म्हणून आयाम 37.75. पिस्टनची गती सरल आवर्त मानली तर कमाल त्वरण म्हणजे आयाम गुणिले कोनीय वेगाचा वर्ग. 6000 ला ते सुमारे 14,900 मीटर प्रति सेकंद वर्ग येतं, गुरुत्वत्वरणाच्या दीड हजार पट! पिस्टन, पिन, रिंगा मिळून 300 ग्रॅम धरा. कनेक्टिंग रॉडवरचा ताण साधारण 455 किलो वजनाएवढा होतो. 7500 ला तोच 710 च्या वर जातो. फेरे 25 टक्के वाढले, ताण 56 टक्के वाढला. प्रत्यक्षात रॉडच्या तिरपेपणामुळे वरच्या टोकाला तो याहूनही जास्त असतो.

आता व्हॉल्व्हकडे या. फळ्यावर एक आडवी रेघ काढा : स्प्रिंगचं बल. ते फक्त ती किती दाबली यावर ठरतं, इंजिन कितीही पळो. तिच्यावर एक परवलय काढा : व्हॉल्व्हला कॅमला चिकटवून ठेवायला लागणारं बल. ते फेऱ्यांच्या वर्गाने वाढतं. दोन्ही जिथे छेदतात तिथून पुढे व्हॉल्व्ह तरंगतो, वेळेवर मिटत नाही, आणि वर येणारा पिस्टन त्याला धडकू शकतो. उंच कॅमने परवलय आणखी उभं होतं. म्हणजे जुन्याच स्प्रिंगवर नवा कॅम घातला, तर सुरक्षित मर्यादा वाढण्याऐवजी खाली येऊ शकते. इथे वर्ग गप्प झाला.

म्हणून कॅम, स्प्रिंग, रॉड यांच्यात ज्याची मर्यादा सर्वात कमी, ती इंजिनाची मर्यादा. लिमिटर त्याच्याही दोन-तीनशे खाली लावायचा. नव्या उंचीला स्प्रिंगचे वेढे एकमेकांवर बसत नाहीत ना, हेही बघायचं. पिस्टन-व्हॉल्व्हमधलं अंतर तपासायची रीत मुलांना फार आवडली : पिस्टनवर खेळण्यातली माती ठेवायची, हेड बसवून इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचं, मग हेड उघडून दबलेल्या मातीची जाडी मोजायची.

"लिमिटर असा ना पण!" असं एक जण म्हणालाच. लिमिटर इंधन किंवा ठिणगी तोडतो. करूळ घाट उतरताना चौथ्या गिअरात 4000 फेरे आहेत, तिसरा टाकायला गेलात आणि हात दुसऱ्यात गेला, तर इंजिनाला चाकं फिरवतात. चौथ्याचं प्रमाण 1 आणि दुसऱ्याचं 1.95 धरा, क्लच सोडताच 7800. तिथे लिमिटर काहीच करू शकत नाही.

पालकांसाठी एक गोष्ट. असे बदल रस्त्यावरच्या गाडीत करताना मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं, ते वाचून ठेवा. पण मुलाला नुसतं "नाय म्हणजे नाय" म्हणण्यापेक्षा त्याच्याकडून वरचं गणित करून घ्या.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा तासाआधीच दारात उभा होता. स्प्रिंगा जुन्याच होत्या. भावाने गाडी परत गॅरेजला नेली होती.